स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरूच होत नाही? कोड उघडण्याआधी हे तपासा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख पंधरा दिवसांवर आली की आमच्या प्रयोगशाळेत एकच तक्रार घेऊन मुलं यायला लागतात. स्वतः लिहिलेला छोटासा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), त्याची आयएसओ फाइल (सीडीची इमेज), आणि व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकाच्या आत संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नवं मशीन. स्टार्ट दाबलं की काळा पडदा. "मॅडम, काल रात्री चालत होतं हो!" माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास असतो, कारण काल रात्री ते बहुधा खरंच चाललेलं असतं.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. हा बिघाड इतक्या वेळा हाताखालून गेला आहे की तपासायचा क्रम आता ठरून गेला आहे. मुलं सगळ्यात आधी सी फाइल उघडतात आणि चालता कोड बदलत सुटतात. आणि बिघाड बहुतेक वेळा कर्नलच्या पहिल्या ओळीच्याही अलीकडे असतो: इमेज कशी बनवली, मशीनला कशी जोडली, मशीन कसं मांडलं. म्हणून माझं पहिलं सांगणं एकच, मशीन नक्की कुठपर्यंत पोचून थांबलं ते आधी शोधा. कोडला हात त्यानंतर.

इथे मी एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर चालणारा, ग्रब या तयार बूटलोडरने किंवा स्वतःच्या बूट सेक्टरने (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या कोडने) लोड होणारा छोटा कर्नल धरून चालले आहे. होस्ट, म्हणजे तुमचा खरा लॅपटॉप, विंडोज किंवा उबंटू; मशीन व्हर्च्युअलबॉक्स किंवा त्याच कामाचं क्यूएमयू. ॲपलच्या एम१ किंवा त्यापुढच्या चिपचा मॅक असेल तर एक गोष्ट लगेच सांगते. ती चिप एआरएम घराण्यातली आहे, त्यामुळे तुमचा एक्स८६ कर्नल तिच्यावर थेट चालणार नाही, क्यूएमयूच्या एम्युलेशननेच (प्रोसेसरची नक्कल करूनच) चालेल. त्या मॅकवर व्हर्च्युअलबॉक्सशी झटापट करण्यात वेळ घालवू नका.

लक्षणं: मशीन कुठे थांबलं?

बूट होण्याचा रस्ता ठरलेला आहे. आधी मशीनचं फर्मवेअर (बायोस किंवा त्याची नवी पिढी ईएफआय) जागं होतं, ते बूटलोडर शोधतं, बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो, कर्नल पडद्यावर काहीतरी लिहितो. प्रत्येक लक्षण या रस्त्यावरच्या एकेका ठिकाणाकडे बोट दाखवतं.

- मशीन उघडतच नाही, व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नसल्याचा निरोप येतो, किंवा नवं मशीन करताना यादीत फक्त ३२ बिटचे पर्याय दिसतात. गोष्ट होस्टची आहे, तुमच्या कर्नलची नाही.
- 'नो बूटेबल मीडियम फाउंड', किंवा क्यूएमयूत 'कुड नॉट रीड फ्रॉम सीडीरॉम', कोड ०००९. फर्मवेअरला बूटलोडर सापडला नाही.
- ग्रब येतो, पण 'नो मल्टिबूट हेडर फाउंड' म्हणतो. बूटलोडर आला, त्याला कर्नलची ओळख पटली नाही.
- ग्रबचा मेन्यू दिसतो, एंटर दाबलं की काळोख. कर्नलकडे ताबा गेलेला असू शकतो, पण तो लिहितोय ते तुम्हाला दिसत नाही.
- मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं, किंवा व्हर्च्युअलबॉक्स 'गुरू मेडिटेशन' दाखवून थांबतं. कर्नल चालला आणि कोसळला. हे लक्षण दिसलं तर घाबरू नका, तुम्ही सगळ्यात पुढे पोचलेले आहात.
- क्यूएमयूत चालतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही. हा वेगळा प्रकार आहे, त्यावर शेवटी.

आपलं लक्षण वहीत लिहून ठेवा. पडद्यावरच्या निरोपाचा फोटो काढलात तर आणखी चांगलं. रीस्टार्ट इतक्या पटकन होतो की तासाभराने नेमके शब्द कुणालाच आठवत नाहीत.

१. तुम्ही आजचीच इमेज चालवताय ना?

याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा शून्य, म्हणून हे पहिलं. 'काल चालत होतं'चं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा इथेच मिळालं आहे.

व्हर्च्युअलबॉक्स कच्ची डिस्क इमेज हार्डडिस्क म्हणून थेट घेत नाही. ती त्याच्या व्हीडीआय स्वरूपात बदलून घ्यावी लागते. मुलं पहिल्या दिवशी ती बदलतात, मशीनला जोडतात आणि पुढे रोज फक्त मेक (बिल्डचा आदेश) चालवतात. मेक कच्ची इमेज नवी करतो, मशीन मात्र त्या पहिल्या दिवसाचीच व्हीडीआय वाचत राहतं. पुन्हा रूपांतर केलं तर नव्या फाइलचा ओळख क्रमांक बदलतो आणि व्हर्च्युअलबॉक्स तो जुन्याशी जुळत नाही म्हणून अडून बसतं. मग कुणीतरी वैतागून जुनी फाइल परत ठेवतं, आणि गाडी पुन्हा मागे. माझी स्वतःची एक अख्खी संध्याकाळ अशीच गेली होती. कोडमध्ये केलेल्या एकाही बदलाचा काहीच परिणाम का होत नाही, हे मला रात्री दहा वाजता कळलं.

आयएसओचं तसं नाही. मशीन ती तिच्या जागेवरूनच वाचतं, त्यामुळे त्याच नावाने नवी फाइल बनली की पुरतं. पण मशीन बंद करताना 'सेव्ह स्टेट' निवडलं असेल तर पुढच्या वेळी जुनी मेमरीच परत येते आणि नवं बूट होतच नाही. नेहमी 'पॉवर ऑफ' करा.

कायमचा उपाय सोपा आहे. कर्नलच्या पहिल्या ओळीत बिल्डची तारीख आणि वेळ छापा. सी कंपायलर ती दोन तयार मॅक्रोंमधून देतोच. पडद्यावर सकाळची वेळ दिसली आणि तुम्ही दुपारी मेक केलेलं असेल, तर पुढे काही शोधायचं उरत नाही. फक्त ती ओळ ज्या फाइलमध्ये आहे ती दर वेळी नव्याने कंपाइल होईल असं बघा, नाहीतर हीच तारीख तुम्हाला फसवेल.

२. मशीनची मांडणी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रकार 'अदर' आणि आवृत्ती 'अदर/अननोन' निवडा. कर्नल ६४ बिटचा असेल तर तिचाच ६४ बिटचा पर्याय. उबंटू किंवा विंडोज निवडलं तर व्हर्च्युअलबॉक्स त्या सिस्टीमला सोयीची उपकरणं जोडतं, ती तुमच्या कर्नलला ओळखीची असतीलच असं नाही. मेमरी १२८ एमबी पुरे. नेटवर्क, आवाज, यूएसबी बंद करा. उपकरणं जितकी कमी, तितक्या शंका कमी.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची चौकट, 'एनेबल ईएफआय'. तुमचा कर्नल हेक्स (१६ पायाच्या आकडेपद्धतीतल्या) बी८००० या पत्त्यावर अक्षरं लिहून पडद्यावर मजकूर दाखवत असेल, आणि शिकताना बहुतेक सगळे तेच करतात, तर ही चौकट रिकामी हवी. बी८००० हा जुन्या व्हीजीए टेक्स्ट मोडचा पत्ता आहे. तो मोड बायोस लावून देतं. ईएफआयने बूट केलं की पडदा ग्राफिक्स मोडमध्ये असतो. कर्नल तिकडे इमानेइतबारे लिहीत राहतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ग्रबचा मेन्यू दिसला आणि मग काळोख झाला, या लक्षणाचं हे पहिलं कारण.

आयएसओ स्टोरेजमध्ये ऑप्टिकल ड्राइव्हला जोडली आहे ना आणि बूट क्रमात ऑप्टिकलवर खूण आहे ना, हेही बघा. सांगायला बाळबोध वाटतं, पण मी दर वर्षी विचारते आणि दर वर्षी एखाद्याची रिकामीच निघते.

३. होस्टवर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का?

व्हर्च्युअल मशीन थेट प्रोसेसरवर चालवण्याची ही सोय इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली आणली, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा असणारच. प्रश्न फक्त ती चालू आहे का, एवढाच. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून तिच्याशिवाय मशीन चालतच नाही. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसच्या सेटिंगमध्ये इंटेलसाठी 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीसाठी 'एसव्हीएम मोड' शोधा.

बायोसमध्ये शिरण्याआधी एक काम कराच. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर फर्मवेअरमधल्या काही बदलांनंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी शोधून कागदावर लिहून घ्या. की सापडत नसेल तर ही पायरी करू नका.

एनेबल्ड दिसतंय, तरी मशीन अडतंय किंवा रडतरखडत चालतंय? मग खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. त्याचा अर्थ हायपर-व्ही, म्हणजे विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, आधीच प्रोसेसरवर बसलेलं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या खांद्यावर चाललं आहे. इंटरनेटवर लगेच 'हायपर-व्ही बंद करा' असा सल्ला मिळतो. मी तो सरसकट देत नाही. तुम्ही कर्नल बहुधा डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतलं लिनक्स) मध्येच कंपाइल करत असता आणि ते त्याच पायावर उभं आहे. ते बंद केलंत तर कंपाइल करायची जागाच जाईल. काही केबींच्या कर्नलला कासवाचा वेग पुरतो. मशीन विचित्र कारणं देऊन कोसळत असेल तरच विंडोज फीचर्समधले हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, शिवाय कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, हे तात्पुरतं बंद करून पाहा आणि परत चालू करा.

उबंटू होस्टवर दोन गोष्टी आडव्या येतात. सिक्युअर बूट चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नल मॉड्यूल सही केल्याशिवाय लोड होत नाही. आणि केव्हीएमने, म्हणजे लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनने, प्रोसेसरची सोय आधीच ताब्यात घेतली असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला ती मिळत नाही. केव्हीएमवरचं दुसरं मशीन चालू असेल तर बंद करा आणि मगच पाहा.

४. आयएसओ बायोससाठी बनली आहे का?

या एका कारणाने जितकी मुलं रडकुंडीला आलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कशाने नाही. कर्नल चांगला, मेकफाइल चांगली, ग्रब-एमकेरेस्क्यू एकही तक्रार न करता आयएसओ देतं, आणि मशीन म्हणतं 'नो बूटेबल मीडियम'. मित्राच्या लॅपटॉपवर बनवलेली आयएसओ मात्र चालते.

कारण असं आहे. ग्रबचे बायोससाठीचे तुकडे आणि ईएफआयसाठीचे तुकडे डेबियन-उबंटूत वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. तुमचं उबंटू ईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल तर बायोसचं पॅकेज तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. ग्रब-एमकेरेस्क्यूला जे तुकडे सापडतात त्यांची ते मुकाट्याने आयएसओ बांधतं. त्यामुळे निघालेली आयएसओ फक्त ईएफआयवर बूट होते, आणि ईएफआय तर आपण दुसऱ्या पायरीत बंद केलेलं आहे.

उपाय: ग्रब-पीसी-बिन हे पॅकेज बसवा. त्याच्या जोडीला झोरिसो आणि एमटूल्सही असू द्या, कारण आयएसओ बांधायला आणि तिच्यातला ईएफआयचा भाग भरायला ते लागतात. मग जुनी आयएसओ पुसून नवी बनवा. आधीच्यापेक्षा तिचा आकार वाढलेला दिसेल, तीच पावती. 'ग्रब-पीसी' आणि 'ग्रब-पीसी-बिन' यांत गल्लत करू नका. पहिलं तुमच्या खऱ्या लॅपटॉपचा बूटलोडर बदलायला निघतं. आपल्याला 'बिन' शेवटी असलेलंच हवं आहे.

५. ग्रबला कर्नलची ओळख पटते का?

ग्रब कर्नल ओळखतो ते मल्टिबूट हेडरवरून, म्हणजे फाइलमधल्या ठरलेल्या ओळखीच्या आकड्यांवरून. मल्टिबूट १ मध्ये हा हेडर फाइलच्या पहिल्या ८,१९२ बाईटांत, ४ बाईटांच्या सीमेवर हवा आणि त्याचा पहिला आकडा हेक्स १बीएडीबी००२ हवा. तो आकडा, फ्लॅग आणि चेकसम यांची ३२ बिटांतली बेरीज शून्य आली पाहिजे. मल्टिबूट २ मध्ये मर्यादा ३२,७६८ बाईटांची, सीमा ८ बाईटांची आणि आकडा ई८५२५०डी६. ग्रबच्या मेन्यूत मल्टिबूट १ साठी 'मल्टिबूट' आणि २ साठी 'मल्टिबूट२' हा आदेश लागतो. हेडर एका आवृत्तीचा आणि आदेश दुसरीचा, ही चूक अगदी नेहमीची.

तपासायला आयएसओ बनवायचीही गरज नाही. ग्रब-फाइल नावाचं साधन थेट कर्नलच्या फाइलवर चालतं. ते काही छापत नाही, फक्त परतीचा कोड देतं. शून्य म्हणजे हेडर ठीक.

हेडर लिहिलेला आहे आणि तरी सापडत नाही, तर लिंकर स्क्रिप्ट (कोणता विभाग फाइलमध्ये कुठे बसेल ते ठरवणारी फाइल) बघा. दोन ठिकाणी घात होतो. कंपायलरने घातलेला नोट विभाग आधी बसतो आणि हेडर ८ केबीच्या पलीकडे ढकलला जातो. किंवा हेडरला कुणी हाक मारत नाही म्हणून लिंकर तो कचरा समजून टाकून देतो. हेडरचा विभाग स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि त्याला 'कीप'मध्ये गुंडाळा.

क्यूएमयूला थेट कर्नल देण्याचा पर्याय वापरत असाल तर मल्टिबूटच्या कर्नलांपैकी तो फक्त मल्टिबूट १ चा आणि ३२ बिटच्या ईएलएफ फाइलमधला (लिनक्सच्या नेहमीच्या एक्झिक्युटेबल स्वरूपातला) कर्नल समजतो, हे ध्यानात असू द्या. मल्टिबूट २ चा किंवा ६४ बिटचा कर्नल तिथे चालला नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. तो आयएसओमधून चालवा.

ग्रब न वापरता स्वतःचा बूट सेक्टर लिहिला असेल तर इथे वेगळं तपासायचं. सेक्टर ५१२ बाईटांचा. शून्यापासून मोजलं तर ५१० आणि ५११ या जागी हेक्स ५५ आणि एए, याच क्रमाने. बायोस हा सेक्टर ७सी०० वर आणून ठेवतं, म्हणून असेंब्लीत तोच पत्ता धरलेला असावा. फ्लॉपी इमेज करत असाल तर ती पूर्ण १४,७४,५६० बाईटांची करा.

६. आधी बोलतं करा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर कर्नल चालतोय आणि मुका आहे. मुक्या कर्नलमध्ये अंदाजाने बदल करणं हा वेळेचा सर्वात मोठा अपव्यय. त्याला सीरियल पोर्टवरून बोलतं करा. कॉम१ चा पोर्ट हेक्स ३एफ८. वीस-पंचवीस ओळींत काम होतं. क्यूएमयूत सीरियल थेट टर्मिनलकडे वळवता येतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये पोर्ट १ चालू करून 'रॉ फाइल' निवडता येते. पडदा कोणत्याही मोडमध्ये असो, सीरियल चालतो, आणि रीस्टार्ट झाला तरी फाइलमधला मजकूर राहतो. कर्नल सुरू झाल्यावर एक अक्षर, जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटचा तक्ता) लावल्यावर एक, आयडीटी (इंटरप्टच्या हँडलरचा तक्ता) लावल्यावर एक, पेजिंग (मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतर) चालू केल्यावर एक. जे अक्षर आलं नाही, त्याच्या आधीच्या कामात बिघाड.

एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. एका मुलीला आपल्या सिस्टीमचा पहिला शब्द 'नमस्कार' हवा होता. पडद्यावर एकवीस चित्रविचित्र चिन्हं आली आणि तिला वाटलं मेमरी बिघडली. काही बिघडलं नव्हतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं. न, म, स, हलन्त, क, काना, र मिळून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाईट. टेक्स्ट मोडला फक्त २५६ आकृत्यांचा एक तक्ता माहीत असतो आणि तो प्रत्येक बाईटपुढे त्यातली एक आकृती ठेवतो. मराठी हवी तर ग्राफिक्स मोडचा फ्रेमबफर, फाँट आणि जोडाक्षरं जुळवणारा कोड स्वतः लिहावा लागतो. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त त्या एका शब्दापुरता तो लिहिला. स्क जुळून आला, तेव्हा आम्ही दोघींनी मशीन तीनदा रीस्टार्ट करून पाहिलं.

७. सतत रीस्टार्ट: ट्रिपल फॉल्ट

प्रोसेसरला अडचण आली की तो आयडीटीत तिचा हँडलर शोधतो. तो नीट नसेल तर डबल फॉल्ट. त्याचाही हँडलर बिघडलेला असेल तर ट्रिपल फॉल्ट, आणि प्रोसेसर रीसेट होतो. रीस्टार्टचं चक्र ते हेच. व्हर्च्युअलबॉक्सच्या लॉगमध्ये 'ट्रिपल फॉल्ट' शोधलंत की खात्री पटते. कारण मात्र क्यूएमयूत लवकर सापडतं. रीबूट न करण्याचा पर्याय द्या, इंटरप्टचा लॉग चालू करा आणि केव्हीएम बंद ठेवा, कारण केव्हीएमवर हा लॉग काही उपयोगाचं दाखवत नाही.

लॉग शेवटाकडून वर वाचा. शेवटी ८ असेल तर तो परिणाम. खरं कारण त्याच्या वरचा आकडा. हेक्स ०डी म्हणजे जनरल प्रोटेक्शन, बहुधा जीडीटी किंवा सेगमेंटची चूक. ०ई म्हणजे पेज फॉल्ट, आणि मग सीआर२ रजिस्टरमधला पत्ता पाहा. ०६ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. ६४ बिटचा कोड ३२ बिट मोडमध्येच चालवला की हेही दिसतं. मल्टिबूट तुम्हाला ३२ बिट मोडमध्ये आणून सोडतो, पुढचा प्रवास तुमचा तुम्हालाच करायचा असतो. कोसळताना जो सूचनेचा पत्ता होता तो ॲडर२लाइनला दिला की सी फाइलमधली ओळच मिळते.

माझ्याकडे सर्वाधिक येणारा प्रकार असा: इंटरप्ट चालू केले आणि लगेच रीस्टार्ट. जुन्या मांडणीत टायमरचा इंटरप्ट ८ क्रमांकावर येतो आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट. टायमर सेकंदाला साधारण १८ वेळा वाजतो, त्यामुळे वाट पाहावी लागत नाही. पिक, म्हणजे इंटरप्ट सांभाळणाऱ्या चिपचे इंटरप्ट ३२ पासून पुढे सरकवा, मग चालू करा. आणि की-बोर्डचं एकच अक्षर येऊन पुढे शांतता असेल तर हँडलरच्या शेवटी पिकला काम झाल्याचा निरोप, म्हणजे हेक्स २० या पोर्टवर हेक्स २०, द्यायचा राहिला आहे.

जीडीटी लावल्यावर सीएस रजिस्टर बदलायला लांब उडी (फार जंप) हवी. स्टॅक स्वतःचा हवा. ग्रबने ठेवलेल्यावर भरवसा ठेवू नका. उबंटूच्या नेहमीच्या जीसीसीऐवजी आय६८६-ईएलएफ किंवा एक्स८६-६४-ईएलएफसाठी बांधलेला क्रॉस कंपायलर घ्या आणि फ्रीस्टँडिंगचा (खाली ऑपरेटिंग सिस्टीम नाही, असं सांगणारा) पर्याय द्या. ६४ बिटमध्ये रेड झोन बंद करा. रेड झोन म्हणजे स्टॅकच्या खालचे १२८ बाईट. ते कंपायलर परस्पर वापरतो आणि इंटरप्ट येताच प्रोसेसर त्यांच्यावर लिहितो. त्याने होणारा बिघाड कधी दिसतो, कधी नाही, आणि म्हणूनच तो शोधताना माणूस थकतो.

८. क्यूएमयूत चालतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाही

आधी क्यूएमयू केव्हीएम चालू करून चालवा. तिथेही कोसळला तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे. साध्या क्यूएमयूचं एम्युलेशन काही बाबतींत सैल आहे. सेगमेंटची मर्यादा ते तपासत नाही. जीडीटीत मर्यादेचा आकडा चुकला तरी तिथे सगळं चालतं, खऱ्या प्रोसेसरवर मात्र ०डी येतो.

बूट सेक्टर स्वतःचा असेल तर दोन ओळी पाहा. ड्राइव्हचा क्रमांक ठोकून शून्य लिहिला आहे का? शून्य म्हणजे फ्लॉपी, पहिली हार्डडिस्क हेक्स ८०. बायोस हा क्रमांक डीएल रजिस्टरमध्ये देतं, तोच जपून ठेवा. आणि डीएस, एसएस, एसपी हे रजिस्टर सुरुवातीलाच स्वतः भरले आहेत का? त्यांत शून्य असेलच असं कुणीही वचन दिलेलं नाही. सपाट बायनरी स्वतः लोड करत असाल तर बीएसएसचा (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांचा) भागही स्वतः शून्य करा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

बायोसला पासवर्ड असेल आणि लॅपटॉप कंपनीचा किंवा कॉलेजचा असेल तर तिथेच थांबा. तो पासवर्ड काढायच्या युक्त्या शोधू नका, त्यांच्या आयटी विभागाला लेखी विनंती करा.

व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बायोसमध्ये नाहीच आणि फर्मवेअर अपडेट करावं लागणार असेल तर ते अधिकृत सेवा केंद्रात करून घ्या. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड बदलण्यापर्यंत वेळ येते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

गेस्ट (मशीनमधली सिस्टीम) कोसळल्याने होस्ट कोसळायला नको. तुमचा लॅपटॉपच गोठत असेल, निळा पडदा येत असेल किंवा तापून बंद पडत असेल, तर कर्नल बाजूला ठेवा. रात्रभर मेमरीची चाचणी लावा. एकही चूक निघाली किंवा पंखा नीट फिरत नसेल तर हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. ते झाल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही तपासणीवर विश्वास ठेवता येणार नाही.

इमेज डीडी या डिस्कवर थेट लिहिणाऱ्या आदेशाने पेनड्राइव्हवर लिहिताना डिस्कच्या नावाबद्दल तिळमात्र शंका असेल तर एंटर दाबू नका. चुकून होस्टची डिस्क लिहिली गेलीच, तर लगेच लॅपटॉप बंद करा, पुन्हा चालू करू नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. घरी केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेलं आणखी पुसू शकतो.

आणि दोन संध्याकाळी लॉगमध्ये तोच आकडा, तोच पत्ता येत राहिला, तर एकट्याने तिसरी घालवू नका. आपल्या गाइडकडे किंवा कर्नलवर काम केलेल्या माणसाकडे जा. जाताना सोबत न्या: पहिल्या दिवशी लिहिलेलं लक्षण, सीरियलची फाइल, लॉगमधले शेवटचे तीन फॉल्ट, लिंकर स्क्रिप्ट, कंपाइल करायचा पूर्ण आदेश आणि तो बिघाड दाखवणारी नेमकी तीच आयएसओ. नवी बनवलेली नको, तीच.